सत्तारचाचांच्या कॅसेटीमागे

मला एका जागी बसता येत नाही. हा दोष आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी इतकी का फिरले ते वेगळं सांगावं लागणार नाही. शाळेत शिकवताना मी वर्गभर चालते, मुलं पाठीमागे मला ‘भिंगरी मॅडम’ म्हणतात, आणि आई तर मला कळायला लागल्यापासून एकच वाक्य म्हणत आली आहे : “कुणावर गेलीस कोण जाणे!”

आईकडच्या माणसांत असं कोणी नाही. ते सगळे बसले की बसले. वडिलांकडचं मात्र मला काही माहीत नव्हतं. मी दोन वर्षांची असताना विहिरीच्या कामावर दरड कोसळून ते गेले, आणि आई मला घेऊन नाशिकला मामांकडे आली ती तिथलीच झाली. वडिलांचे दोन फोटो आहेत. दोन्हींत ते गुडघ्यांवर हात ठेवून खुर्चीत ताठ बसलेत. अंबड तालुक्यात लक्ष्मण पैलवान म्हणून त्यांचं नाव होतं, एका जत्रेत त्यांनी कुठल्याशा मोठ्या पैलवानाला आस्मान दाखवलं होतं, एवढी आमच्या घरातली दंतकथा. चालता-बोलता बाप मला कधी दिसलाच नव्हता.

गेल्या वर्षी एका दूरच्या चुलतभावाने सांगितलं, की त्या कुस्तीचं शूटिंग आहे. जालन्याच्या सत्तारचाचांकडे. सत्तारचाचा म्हणजे लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान चालवणारे गृहस्थ. पण त्या भागात कुस्तीच्या फडात कॅमेरा घेऊन उतरलेला पहिला माणूस तेच. मी फोन लावला. पलीकडून पिकलेला, खुशीत असलेला आवाज आला : “है बेटा, तुम्हारे अब्बा की कुश्ती है मेरे पास. फोन पे नहीं भेजता मैं. आव, यहाँ बैठ के देखना.”

दिवाळीत येते म्हटलं. मग परीक्षा आल्या, मग मेचं ऊन. एरवी मला घराबाहेर पडायला निमित्त लागत नाही, आणि जिथे खरंच जायचं होतं तिथे वर्षभर माझं पाऊल उचललं नाही. मला वाटतं मी घाबरले होते. डिसेंबरात चुलतभावाचा निरोप आला : चाचा गेले, रविवारी चाळीसावा आहे. शनिवारी रात्रीच बॅग भरली.

जालना, रविवार

दुपारी बाराच्या सुमारास जुन्या जालन्यातल्या त्या गल्लीत शिरले तर चपलांचाच रस्ता झाला होता. मला वाटलं होतं घरचे पंचवीस-तीस लोक असतील. तिथे तालुक्यातालुक्यातून आलेले म्हातारे पैलवान बसले होते. कान मुडपलेले, मान खांद्यात रुतलेली, गुडघे गेलेले. पांढऱ्या टोप्या आणि पांढरे फेटे एकाच सतरंजीवर. फातेहा नुकतीच आटोपली होती.

आमच्याकडे दहावा, तेरावा, कावळा, सगळं दोन आठवड्यांत उरकतं. इथे चाळीस दिवस. माझ्या शेजारचा एक फेटेवाला मघापासून त्याच विचारात होता. शेवटी न राहवून तो पलीकडच्याला म्हणाला, “पिंड न्हाई, कावळा न्हाई. मंग माणूस सुखानं गेला का, हे कळावं कसं?”

“कावळ्याला काय इचारतो?” पलीकडचा म्हणाला. “चाचाच्या पिच्चरमधी तू आजूनबी पंचवीस वर्साचा हायेस. आनखी काय पाह्यजे?”

पहिल्याने डोळ्याला फेट्याचं टोक लावलं.

तिथेच बसून, म्हणजे खरं तर उभं राहून, मी चाचांची सगळी कथा ऐकली. सुरुवातीला वस्ताद मंडळी कॅमेरा फडात घेऊ देत नव्हती. यंत्राची नजर लागेल म्हणत. चाचा तीन जत्रा नुसते कडेला उभे राहिले. चौथ्या जत्रेला चपला काढल्या, फडातली माती कपाळाला लावली आणि कॅमेरा मांडीवर घेऊन मातीतच बसले. तेव्हापासून त्यांना कोणी उठवलं नाही. महिन्याभराने जीपमध्ये टीव्ही टाकून ते गावोगाव जायचे, आणि पैलवान पारावर बसून स्वतःलाच बघायचे.

“अब्बा म्हणायचे,” त्यांचा मुलगा मुजीब सांगत होता, “कुश्ती तो सब देखते. मैं कुश्ती के पहले का आदमी देखता.”

मी त्याला माझं नाव सांगितलं. मोठ्या बहिणीला म्हणतात तसं ‘आपा’ म्हणत त्याने हात जोडले. “आपा, अब्बांनी तुमची लई वाट पाह्यली. पहिले खाना खाऊन घ्या. मंग बसू निवांत.”

मी जेवायला बसले, ही माझी चूक. बगारा भात आणि डालचा, म्हणजे मटण घातलेली डाळ. माळकरी पैलवानांसाठी शेजारच्या घरातून नव्या पातेल्यात वेगळं दुधीचं कालवण आलं होतं. पैलवानकी सुटली तरी भूक सुटत नाही हे पंगतीत दिसत होतं. मला आग्रह झाला, मी दोनदा भात घेतला, वर गोड शेवयाही खाल्ल्या. हात धुऊन दुकानाच्या खोलीत गेले तर भिंतभर फडताळ होतं आणि त्यात एकही कॅसेट नव्हती.

“लोक रडून राह्यलते, आपा,” मुजीब म्हणाला. “मी म्हटलं, अब्बांची निशानी एकेक घेऊन जा.”

“कोणी कुठली नेली?”

त्याने रिकाम्या फडताळाकडे पाहिलं. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. कोऱ्या कॅसेटी वेळेवर मिळायच्या नाहीत, म्हणून चाचा लोकांनी न नेलेल्या लग्नांच्या कॅसेटींवरच कुस्त्या घेत. चिठ्ठ्या लग्नाच्याच राहिल्या. प्रकाशच्या लग्नात कुठली कुस्ती आणि शालिनीच्या लग्नात कुठली, हे फक्त चाचांच्या डोक्यात होतं.

मला त्याचा भयंकर राग आला. स्वतःचा त्याहून जास्त आला. वर्षभर ती कॅसेट या भिंतीवर माझी वाट पाहत होती, आणि ती गेली तेव्हा मी दोन खोल्यांपलीकडे शेवया खात होते. मुजीब बिचारा म्हणत होता की सावकाश सगळ्यांना फोन करू, कॅसेटी मागवून घेऊ. सावकाश हा शब्द मला कधीच झेपलेला नाही. अंबडकडची कोण कोण आली होती तेवढं विचारून घेतलं, आणि सकाळच्या गाडीने निघाले.

वडीगोद्री

हायवेवरच्या त्या हॉटेलचे मालक भगवानराव स्वतः एकेकाळचे पैलवान. आता पोट पुढे आणि झारा हातात. कढईच्या बरोबर वर चाचांचा फोटो, फोटोला झेंडूचा हार, आणि फोटोखाली खिळ्याला अडकवलेली कॅसेट. तिलाही हार. भज्यांचा धूर सरळ तिच्यावर जात होता.

“अहो, वितळेल ती!” मी दारातूनच म्हणाले.

“कशाची वितळती, ताई. चाचाला भज्याचा वास लई आवडायचा. दर खेपेला दोन प्लेटा खायचा.”

ते तिला अगरबत्ती लावल्याशिवाय हात लावू देईनात. लावली. चिठ्ठीवर ‘चि. प्रकाश’ असं होतं. पण आत भगवानरावांचीच कुस्ती आहे हे चाचांनी त्यांना केव्हाच सांगून ठेवलं होतं, म्हणजे ही माझी नव्हती. त्यांनी मला खुर्ची दिली, मी बसले नाही; भजी दिली, ती उभ्यानेच खाल्ली. चांगली होती, नाशिकला अशी लसणाची चटणी कोणी देत नाही. वडिलांचं नाव सांगितल्यावर त्यांनी झारा खाली ठेवला.

“लक्ष्मण पैलवानाची पोर तू? त्या कुस्तीला मी गेलो नव्हतो, पन जांबच्या आप्पानं पुकारा केल्ता. त्याला इचार.”

निघताना कॅसेट कढईपासून लांब न्या म्हणून मी हात जोडले. माझ्या समाधानासाठी त्यांनी ती हातभर बाजूला सरकवली.

जांब समर्थ

जांबला समर्थांच्या दर्शनाला आलेल्यांच्या दोन गाड्या उभ्या होत्या. मीही पाया पडून घेतलं. देवापुढे मी नेहमीच घाईत असते. आप्पा मारुतीच्या पाठीमागे उन्हात बसले होते. आयुष्यभर फडात पैलवानांची नावं पुकारलेला माणूस, आता आवाज फाटलेला. त्यांच्या वाट्याची कॅसेट त्यांनी मारुतीच्या पायाशी ठेवली होती आणि मारुतीबरोबर तिलाही शेंदूर-तेल चढवलं होतं. या लोकांच्या प्रेमापुढे एकही कॅसेट चार महिने टिकणार नव्हती.

“आप्पा, लक्ष्मण पैलवानाची कुस्ती कुणाशी झाली होती?”

ते काठी टेकत उठले, हात वर केला आणि त्या फाटक्या आवाजात, समोर हजार माणसं असल्यासारखे पुकारले : “डाव्या अंगाला अंबडचा लक्ष्मण! उजव्या अंगाला धावड्याचा कोंडिबा! शेवटची कुस्ती, बघून घ्या मंडळी!”

दर्शनाला आलेले लोक वळून बघायला लागले.

“कोण जिंकलं?”

“पुकारा केला, घसा सुकला, न् पानी प्यायला गेल्तो,” आप्पा खाली बसत म्हणाले. “गर्दीतून वापस येताच आलं न्हाई. पन ती कॅसेट कोंडिबाकडं हाय बघ. कोंडिबाच्या भावाच्या लग्नाची होती ती, भावानं नेली न्हाई, मंग चाचानं तिच्यावरच ह्यांची कुस्ती घेतली. काल फडताळापुढं उभा राहून चिठ्ठ्या वाचून वाचून त्यानं तीच काढली.”

म्हणजे माझी कॅसेट कोंडिबांनी ठरवून नेली होती. मला लगेच संशय आला. आमच्या घरच्या कथेप्रमाणे हरले ते कोंडिबा होते. हरलेल्या माणसाला ती कॅसेट कशाला हवी असेल?

धावडा

धावडा जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, भोकरदनच्याही पुढे. जांबहून परत जालना, रात्री मुजीबच्या बायकोच्या हातची गरम खिचडी, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भोकरदनची गाडी. डाव्या-उजव्या हाताला मक्याची वाळकी ताटं आणि पुढे अजिंठ्याचे डोंगर. थंडी चांगलीच होती. गाडीत मी तीनदा जागा बदलली, कंडक्टरने विचारलं, “ढेकूण हायेत का, बाई?”

कोंडिबा वस्तादांची तालीम म्हणजे पत्र्याची शेड. आत मध्यभागी कुस्तीच्या मातीचा हौदा, दोन पैलवान जोर काढत होते. वस्ताद कडेच्या बाकावर बसले होते. सत्तरीचा माणूस, पण बसणं असं, की वारा आला तरी हलणार नाही. मी कॅसेटीचं विचारलं. त्यांनी हनुवटीने हौदा दाखवला.

“तिथं हाय.”

“तिथं म्हणजे?”

“मातीत.”

त्यांनी शांतपणे सांगितलं. चाळीसाव्याहून घरी आल्या आल्या हौदा खणला. मातीत नेहमीसारखं तेल, ताक, हळद, लिंबू घातलं आणि मधोमध ती कॅसेट दुधाच्या पिशवीत गुंडाळून पुरली. वर माती सारखी केली.

“अहो पण का?” माझा आवाज चढला. पैलवान जोर काढायचे थांबले.

“चाचा गेल्याचं कळलं तवा मी निघालो. त्यांच्यात उशीर करत न्हाईत. मी पोचलो तवर माती देऊन समदे वापस येऊन राह्यलते. चाळीस वर्साची दोस्ती न् मला मूठभर माती टाकाय मिळाली न्हाई.” त्यांनी हौद्याकडे पाहिलं. “मंग त्याची चीज आणून माझ्या मातीत दिली. त्योबी मातीत बसनाराच मानूस होता.”

माझा संशय जिरला. पण माझं काम तसंच राहिलं होतं, आणि ते ताकात भिजत पडलं होतं.

“वस्ताद, मी लक्ष्मण पैलवानांची मुलगी. मी त्यांना कधी बघितलेलं नाही.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “मातीत दिलेलं वापस काढत न्हाईत, बाई. बस जरा. चहा घे.”

मला बसवेना. बायकांनी हौद्यात पाय ठेवायचा नाही हे मला माहीत होतं, म्हणून कडेकडेने मी चालत राहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. बोलत होते की रडत होते कोण जाणे. चाचांनी कॅमेरा धरला तो दाखवायला धरला ना, असं काहीतरी म्हणाले. तुम्ही त्यांना माती दिलीत, आता त्यांचं काम तरी वर राहू द्या, असंही म्हणाले. वस्ताद ऐकत नव्हते. ते माझ्या पायांकडे बघत होते. बराच वेळ बघत होते.

“तू हमेशा अशीच फिरती का?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी चिडून म्हणाले. “लहानपणापासून.”

ते उठले. एका पैलवानाने फावडं घ्यायला हात पुढे केला, त्याला बाजूला सारून त्यांनी स्वतः घेतलं. आधी वाकून माती कपाळाला लावली, आणि मग खणायला लागले.

पिशवीला गाठ मारलेली होती, पण तेल आत शिरलंच होतं. कॅसेट हळदीने पिवळी झाली होती. वस्तादांनी ती उपरण्यात गुंडाळली, पायात चपला घातल्या आणि माझ्याआधी रस्त्याला लागले. “मीबी येतो. माझीबी कुस्ती हाय ती.”

गाडीत जालन्यापर्यंत ते कॅसेट मांडीवर घेऊन एकाच बैठकीत बसले. मी दोनदा जागा बदलली.

“जिंकलं कोण होतं, वस्ताद?”

“कॅसेटीत बघ की.”

पुन्हा जालना

मुजीबने कॅसेट पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. मग स्क्रू काढले, फीत दुसऱ्या कॅसेटच्या डबीत घातली, कापसाने इंच-इंच पुसली. चाचांनी शेवटचं पाहून झाल्यावर फीत मागे गुंडाळलेली नव्हती. त्यामुळे वरचे वेढे, म्हणजे शेवटचा भाग, ताक-तेलाने चिकटून एक झाले होते. मुजीबने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्याने तो भाग कात्रीने कापला. आतले वेढे वाचले होते.

यंत्र घरघरलं. आधी वस्तादांच्या भावाच्या लग्नातल्या अक्षता पडल्या, एक नवरी लाजली, आणि ती वर बघणार तोच पडद्यावर लाल माती आली आणि हलगी वाजायला लागली.

कॅमेरा जमिनीला टेकलेला. पलीकडच्या टोकाला तरणे कोंडिबा, हाताची घडी घालून उभे, ढिम्म. आणि अलीकडे एक उंच, सडसडीत माणूस येरझाऱ्या घालत होता. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. वाकून माती उचलायचा, टाकून द्यायचा. लंगोट घट्ट करायचा, पुन्हा चालायला लागायचा. वळताना डाव्या टाचेवर गर्रकन वळायचा. मी वर्गात फळ्यापाशी वळते तसा, अगदी तसाच. आजूबाजूची माणसं हसत होती, कोणीतरी ओरडलं, “आरं लक्ष्मण, जरा थांब की!” तो थांबला नाही. बाकी कोणी असतं तर हा भाग घेतलाच नसता, कुस्ती सुरू झाल्यावर कॅमेरा चालू केला असता. चाचांनी कॅमेरा त्याच्यावरून हलवला नाही. एकदा तो चालत चालत अगदी जवळ आला, खाली वाकला, सगळा पडदा त्याच्या चेहऱ्याने भरला.

“चाचा, चालू हाय का?”

“हाँ, चालू है. तू चल.”

तो हसला आणि पुन्हा चालायला लागला. मग पुकारा झाला, दोघे समोरासमोर आले, हातात हात दिला, आणि पडदा पांढरा झाला. पुढचं सगळं कात्रीखाली गेलं होतं.

मुजीबने यंत्र बंद केलं. मग मुजीब म्हणाला, “आपा, जिंकलं कोण, ते गेलं.” वस्ताद त्यांच्या कोपऱ्यातून म्हणाले, “मला ठाव हाय. इचार.”

मी विचारलं नाही. मुजीबला म्हटलं, पुन्हा लाव. मला कळलं तेव्हा मी टीव्हीसमोर जमिनीवर बसलेली होते, आणि किती वेळ बसलेली होते ते माहीत नाही.

निघताना मुजीबने ते सगळं फोनवर घालून दिलं. ती फीत वस्तादांनी परत मागितली नाही. भगवानरावांना आणि आप्पांना मुजीबने माझ्यासमोरच फोन केले : कॅसेटी घेऊन या, आणि कृपा करून तेल लावू नका.

नाशिक

आईला मी काही सांगितलं नव्हतं. तिच्या हातात फोन दिला.

तिचा संसार तीन वर्षांचा. फडात बायका जात नसत. घरात सासऱ्यांपुढे ते मान खाली घालून बसायचे, जेवायचे आणि तालमीत जायचे. तेवढंच तिने पाहिलेलं. तिने चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ धरला. हलगी वाजली. मी खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालायला लागले.

तिने एकदा पाहिलं. पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग फोन मांडीवर ठेवून ती माझ्या पायांकडे बघायला लागली, आणि मी सवयीने थांबले, आता ती ‘बस की गं जरा’ म्हणणार म्हणून.

“थांबू नको,” आई म्हणाली. “चाल तू. बघू दे मला.”